पोलिसांचें मनोधैर्य

कांहीं शब्दांचें नशीब मोठें विचित्र असतें. 'मनोधैर्य' हा असाच एक शब्द. संकटांत मन डगमगूं न देणें एवढाच त्याचा साधा अर्थ. आणि असें धैर्य शेतकऱ्याला असावें, बाळंतिणीला असावें, परीक्षेला बसणाऱ्या पोराला असावें, याविषयीं कोणाचें दुमत होण्याचें कारण नाहीं. परंतु गेल्या कांहीं वर्षांत हा शब्द एका खात्यानें जणूं इजाऱ्यानेंच घेतला आहे. कोठडींत एखादा आरोपी मरतो, मोर्च्यांतल्या एखाद्या पोराचें डोकें फुटतें, फिर्याद द्यायला गेलेल्या बाईला रात्रभर बांकावर बसवून ठेवण्यांत येतें. मग कोणीतरी भीत भीत म्हणतो कीं, याची चौकशी व्हावी, आणि ती पोलिसांखेरीज दुसऱ्या कोणीं करावी. हें वाक्य पुरें होण्यापूर्वींच मंत्र्यांपासून संपादकांपर्यंत सर्वांच्या तोंडून एकच उद्गार निघतो : अशानें पोलिसांचें मनोधैर्य खचेल!

आम्हांस या उद्गाराचें नवल वाटतें. बँकेच्या रोखपालाचे हिशेब बाहेरचा तपासनीस येऊन तपासतो. एसटीची गाडी वाटेंत थांबवून वाहकाची थैली मोजतात. शाळेंत शिक्षणाधिकारी येतो आणि मास्तरांच्या देखत मुलांना प्रश्न विचारतो. यांपैकीं कोणाचेंही मनोधैर्य खचल्याची ओरड विधानसभेंत झाल्याचें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. ज्याच्या हातांत दांडका, कमरेला पिस्तूल, खिशांत हातकडीची किल्ली आणि पाठीशीं सारें सरकार, त्या एकट्याचेंच मन तेवढें कांचेचें, अशी ही समजूत आहे. ती पोलिसांचा गौरव करणारी आहे कीं अपमान करणारी, हें ज्यांचें त्यांनीं ठरवावें. आमचें म्हणणें मात्र सरळ आहे : पोलिसाविरुद्धची तक्रार पोलिसाच्याच हातीं तपासासाठीं देणें हें नागरिकांवर जितकें अन्यायाचें आहे, तितकेंच तें प्रामाणिक पोलिसाच्या मुळावर येणारें आहे, आणि मनोधैर्याचा हा घोष त्या दोन्ही अन्यायांवर घातलेलें पांघरूण आहे.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. एका संध्याकाळीं त्यांच्या घरासमोर एका फौजदारानें भाजीच्या हातगाडीवाल्याच्या थोबाडींत दिली व गाडी उलटी केली. गुरुजी फाटकापाशीं उभे होते. त्यांनीं "साहेब, पावती फाडा, पण हात कां टाकतां?" एवढेंच विचारलें. त्याबद्दल त्यांना ठाण्यांत नेऊन रात्रीं अकरापर्यंत बांकावर बसविण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं गुरुजींनीं वरिष्ठांना चार पानी अर्ज लिहिला. वेळ, स्थळ, साक्षीदारांचीं नांवें, सर्व कांहीं वळणदार अक्षरांत. वीसएक दिवसांनीं एक शिपाई घरीं आला आणि अदबीनें म्हणाला, "गुरुजी, तुमचा अर्ज साहेबांकडेच चौकशीला आलाय. सवडीनं येऊन जा." साहेब म्हणजे तेच फौजदार! त्यांनीं चहा मागविला. "तुम्ही आमच्या वडिलांच्या जागीं," असेंही म्हटलें. जबाब मात्र टंकून तयार होता : गैरसमजुतीनें अर्ज केला होता, आतां माझी कांहीं तक्रार नाहीं. गुरुजींनीं सही केली नाहीं. तेव्हां चौकशीला खरा आरंभ झाला. माडीवरच्या भाडेकऱ्याची नोंद ठाण्यांत दिली आहे काय? मागची पडवी वाढविली तिला नगरपालिकेची परवानगी आहे काय? आपण कोणत्या पक्षाच्या सभांना जातां? पुढच्या महिन्यांत गुरुजींच्या मुलीच्या पारपत्राची पडताळणी त्याच ठाण्याकडे यावयाची होती. गुरुजींनीं सही केली. वार्षिक तक्त्यांत तो अर्ज 'निकाली' या सदराखालीं मोजला गेला असेल, आणि तक्ता तयार करणाराला त्यांत खोटें असें कांहींच लिहावें लागलें नसेल.

हा प्रकार आजचा नव्हे. कंपनी सरकारच्या अमदानींत मद्रास इलाख्यांत रयतेचा छळ होतो कीं काय हें पाहण्यासाठीं एक मंडळ बसलें होतें. त्याचा अहवाल 1855 सालचा आहे. तेव्हां तेथें सारा वसूल करणें आणि पोलिसी अधिकार चालविणें हीं दोन्ही कामें तहशीलदाराच्याच हातीं असत. छळ होतो हें मंडळानें मान्य केलें; पण त्याहून महत्त्वाचें असें तें एक बोलून गेलें. रयत कलेक्टराकडे दाद मागायला कां जात नाहीं? कचेरी दूर, खर्च फार, हीं कारणें तर आहेतच. परंतु एवढें करून गेलें तरी बहुतेक अर्जांवर 'तहशीलदाराकडे जावें' असा शेरा पडून ते परत येतात. म्हणजे ज्यानें स्वतः किंवा ज्याच्या शिपायांनीं छळलें त्याच्याच दारीं! गुरुजींच्या अर्जावर पडलेला शेरा आणि हा शेरा यांत सुमारें 170 वर्षांचें अंतर आहे. मधल्या काळांत कंपनी गेली, राणी आली. 1861 सालीं पोलिसांचा कायदा झाला. 1902-03 सालच्या पोलीस आयोगानें हें खातें लोकांना लांचखाऊ व जुलमी वाटतें असा निर्वाळा दिला. साहेब गेला, स्वराज्य आलें, घटना आली. शेरा तेवढा जागच्या जागीं राहिला. पारतंत्र्यांतली प्रत्येक गोष्ट आम्ही टाकून दिली असें म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. त्या यादींत हा शेरा घालण्याचें राहून गेलेलें दिसतें.

कोणी म्हणेल, कायदा बदलला आहे, तुम्हीं वाचलेला नाहीं. आम्हीं तो वाचला आहे. राष्ट्रीय पोलीस आयोगानें 1979 सालच्या आपल्या पहिल्याच अहवालांत सांगितलें कीं, कोठडींतला मृत्यु, कोठडींतला बलात्कार, जबर दुखापत, गोळीबारांत माणसें मरणें, यांची चौकशी सक्तीनें न्यायाधीशाकडून व्हावी. अहवाल फडताळांत गेला. 1996 सालीं प्रकाश सिंह यांनीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. त्यावर 22 सप्टेंबर 2006 रोजीं निकाल लागला आणि प्रत्येक राज्यांत व प्रत्येक जिल्ह्यांत निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालीं पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापावें असा हुकूम झाला. हे प्रकाश सिंह कोण? कोणी चळवळे नव्हेत, वकील नव्हेत. उत्तर प्रदेशाच्या पोलीस दलाचे व सीमा सुरक्षा दलाचे महासंचालक राहिलेले, उभा जन्म खाकी वर्दींत काढलेले गृहस्थ! मनोधैर्यवाल्यांनीं या एका गोष्टीवर अंमळ विचार करावा. महाराष्ट्रानें या हुकमाप्रमाणें आपल्या कायद्यांत दुरुस्ती केली ती 2014 सालीं, म्हणजे आठ वर्षांनीं. आणि तीही करतांना जिल्ह्याचा विभाग केला. राज्यासाठीं एक प्राधिकरण आणि त्याखालीं विभागवार प्राधिकरणें. सिरोंच्याच्या माणसाचा विभाग नागपूर! अर्ज टपालानें धाडतां येईल हें खरें. पण जबानी टपालानें देतां येत नाहीं, आणि साक्षीदाराला पाकिटांत घालतां येत नाहीं. कचेरी दूर, खर्च फार, या 1855 सालच्या शब्दांशीं आमच्या विधिमंडळाचें हें इमान पाहून आम्हांस गहिंवरून येतें.

आणखी एक कलम वाचकांनीं पाहून ठेवावें. 1951 सालचा मुंबईचा पोलीस कायदा आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नांवानें चालतो. त्याच्या 161 व्या कलमाप्रमाणें पोलिसानें आपल्या कर्तव्याच्या रंगाखालीं केलेल्या अपराधाबद्दल खटला भरावयाचा तर सहा महिन्यांच्या आंत भरला पाहिजे. त्यानंतर दोन वर्षांपर्यंत भरावयाचा तर सरकारची आगाऊ मंजुरी पाहिजे. कबुली काढण्यासाठीं माणसाला मारणें हें कर्तव्याच्या रंगांत येत नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें 1966 सालीं महाराष्ट्रांतल्याच एका प्रकरणांत सांगितलें आहे. पण हें कोर्टांत मांडण्याइतकें बळ ज्याच्या अंगीं असेल त्याला मुळांत ठाण्यांत मार बसण्याचा संभवच कमी. याखेरीज सरकारी नोकरावर खटला भरण्यास सरकारची परवानगी लागते, ही जुनी अट आहेच. 2023 च्या नव्या संहितेनें ही परवानगी 120 दिवसांत दिली किंवा नाकारली नाहीं तर ती दिली असें समजावें, अशी मर्यादा घातली. हें बरें झालें, आणि बरें झालें तें बरें म्हणण्यास आम्ही कचरत नाहीं.

ही परवानगी कशी चालते त्याचें एक उदाहरण सांगतों. 2002 सालच्या घाटकोपरच्या बाँबस्फोटाच्या तपासांत परभणीच्या एका तरुण संगणक अभियंत्याला पकडण्यांत आलें. 2003 च्या जानेवारींत पोलिसांनीं सांगितलें कीं, त्याला घेऊन जाणाऱ्या गाडीला पारनेरजवळ अपघात झाला आणि तो पळून गेला. त्याचें प्रेतही घरच्यांच्या हातीं लागलें नाहीं. प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें तेव्हां कोठें गुन्हे अन्वेषण विभागाचा तपास झाला. 14 पोलिसांवर खटला भरावा असें त्या तपासांत निघालें. सरकारनें परवानगी दिली ती चौघांपुरती. ते चौघे 2004 सालीं निलंबित झाले आणि खटल्याचा निकाल लागलेला नसतांच 2020 सालीं पुन्हां कामावर घेतले गेले. दुसरें प्रकरण सांगलीचें. 2017 च्या नोव्हेंबरांत लुटीच्या आरोपावरून धरलेले दोघे तरुण कोठडींतून पळून गेले असें पोलिसांनीं सांगितलें. पुढें तपासांत उघडकीस आलें तें असें कीं, त्यांतला एक ठाण्यांतच मारहाणीनें मेला होता आणि त्याचें प्रेत आंबोलीच्या घाटांत नेऊन जाळण्यांत आलें होतें. दोन्ही ठिकाणीं शब्द एकच : 'पळून गेला'. पोलिसी दप्तरांत मेलेलीं माणसें इतक्या वेगानें पळतात कीं, जिवंत चोरांनीं त्यांच्यापासून धडा घ्यावा.

यावर उपाय म्हणून 2020 सालच्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें प्रत्येक ठाण्याच्या दारापासून कोठडीपर्यंत कॅमेरे बसविण्यास आणि त्यांचें चित्रण 18 महिने, निदान एक वर्ष तरी, राखण्यास फर्माविलें. हुकूम उत्तम आहे. पण ते कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी कोणाची? ठाण्याच्या प्रमुखाची. चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या, ही म्हण रचणाऱ्या आमच्या पूर्वजांना कॅमेरा ठाऊक नव्हता. किल्लीचें मर्म मात्र त्यांना पुरतें कळलें होतें.

आतां तक्रारीचें दुसरें अंग पाहूं. गुरुजींच्या प्रकरणांत चौकशी फौजदाराची व्हावयाची ती गुरुजींचीच झाली, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. हें अपवादानें होत नाहीं. या चौकशीचा स्वभावच तसा आहे. पोलिसानें काय केलें हा प्रश्न बाजूस राहतो आणि तक्रार करणारा कोण, कसा, कोणाचा, हा प्रश्न पुढें येतो. याचें सर्वांत दुःखद उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत घडलें. 26 मार्च 1972 च्या रात्रीं, तेव्हांच्या चांदा जिल्ह्यांतल्या देसाईगंजच्या पोलीस चौकींत एक आदिवासी मुलगी गेली होती. आईबाप नसलेली, मोलमजुरी करणारी. डॉक्टरांच्या अंदाजानें वय चौदा ते सोळा. तिच्या भावानेंच एक तक्रार दिली होती, तिच्या चौकशीसाठीं तिला बोलाविलें होतें. काम संपल्यावर इतरांना बाहेर पाठवून तिला मागें ठेवण्यांत आलें. आणि चौकींतल्या शिपायानें आपल्यावर बलात्कार केला व जमादारानें अंगचटीस येऊन तसाच प्रयत्न केला, असें तिनें बाहेर येऊन सांगितलें. बाहेर लोक जमले. ते चौकी जाळण्याची भाषा करूं लागले, तेव्हां दुसऱ्या जमादारानें येऊन जमावाला शांत केलें व तिचा जबाब लिहून घेतला. पुढें सत्र न्यायालयानें आरोपींना सोडलें; 1976 सालीं उच्च न्यायालयाच्या नागपूर पीठानें शिक्षा दिली; आणि 1978 सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांना पुन्हां सोडून दिलें. कारण काय? मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, तिनें आरडाओरड केली नाहीं. रात्रीची वेळ, बंद दार, चौकी त्यांची, कायदा त्यांचा, आणि ओरडावयाचें तें कोणाला? पोलिसांना? न्यायमूर्तींना हा प्रश्न पडला नाहीं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांना तो पडला. त्यांनीं 1979 च्या सप्टेंबरांत सरन्यायाधीशांना उघडें पत्र लिहिलें, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि 1983 सालीं कायदा बदलला. पोलिसाच्या ताब्यांतली स्त्री 'माझी संमति नव्हती' म्हणाली तर न्यायालयानें तसेंच गृहीत धरावें, असें तेव्हांपासून ठरलें. हा बदल घडायला एका मुलीला अकरा वर्षें देशाच्या चव्हाट्यावर उभें राहावें लागलें. तिचें नांव कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ आहे. आम्ही तें येथें मुद्दामच लिहीत नाहीं.

त्याच 1972 सालच्या डिसेंबरांत पुण्यांत एका नाटकाचा पहिला प्रयोग झाला : विजय तेंडुलकरांचें 'घाशीराम कोतवाल'. त्यावर आमच्या सुशिक्षित वर्गांत जें रणकंदन माजलें तें अनेकांना आठवत असेल. नाना फडणिसांची बदनामी झाली कीं नाहीं, ब्राह्मण नाचवावे कीं नाचवूं नयेत, नाटक परदेशीं जाऊं द्यावें कीं नाहीं, यावर वर्षानुवर्षें शाई सांडली. मूळ प्रकरण मात्र काय होतें? तें कोठडींतल्या मृत्यूचें होतें! 1791 सालीं पुण्याच्या कोतवालानें आपल्या बागेंत फळें तोडल्याबद्दल परगांवच्या तेलंगी ब्राह्मणांना धरून एका कोंदट खोलींत कोंबलें आणि सकाळीं दार उघडलें तेव्हां त्यांतले वीसएक गुदमरून मेलेले निघाले. याच कोतवालाविरुद्ध पूर्वीं कोणाची तक्रार नव्हती काय? असणारच, पण ती ऐकणारी जागा एकच, आणि ती जागा कोतवालावर प्रसन्न होती. शेवटीं जमाव वाड्यापुढें बसला, नानांनीं घाशीरामाला त्यांच्या हवालीं केलें, आणि लोकांनीं त्याला दगडांनीं ठेचून मारलें.

आमचे सनातनी मित्र याला न्याय म्हणतात, आणि तेथेंच आमचा त्यांच्याशीं वाद आहे. घाशीरामाचीही चौकशी झाली नाहीं. कोणी किती जणांना कोंडलें, हुकूम कोणाचा होता, पहारेकरी कोण होते, वाड्यांतून कोणाला काय ठाऊक होतें, हे सर्व प्रश्न त्या दगडांच्या ढिगाखालीं कायमचे पुरले गेले. आणि ते पुरले गेले हें कोणाच्या सोयीचें होतें हें सांगावयास नको. त्याच पुण्यांत अठरा वर्षांपूर्वीं दुसरें उदाहरण घडलें होतें. 1773 सालीं शनिवारवाड्याच्या राखणीवरच्या गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांना कापलें, तेव्हां रामशास्त्र्यांनीं गारद्यांवर थांबून काम आटोपतें घेतलें नाहीं. ते थेट राघोबांपर्यंत गेले, दोष त्यांच्या पदरीं घातला, आणि पुणें सोडून चालते झाले. कुंपणानें शेत खाल्लें तर कुंपण कोणीं घातलें हेंही पाहावें लागतें, एवढें शास्त्रीबुवांना कळत होतें. गारद्यांच्या मनोधैर्याची चिंता त्यांनीं वाहिल्याचें बखरींत कोठें नाहीं.

देसाईगंजच्या चौकीपुढें जमलेला जमाव आणि नानांच्या वाड्यापुढें जमलेला जमाव यांत आम्हांस फरक दिसत नाहीं. तक्रार ऐकणारी जागा नसली म्हणजे ती तक्रार जमावाकडे जाते. आणि जमाव नेहमीं दगडच हातीं घेतो असें नाहीं; कधीं कधीं तो फुलें हातीं घेतो, आणि तें अधिक भयंकर आहे. 2019 सालच्या डिसेंबरांत हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्य स्त्रीच्या अत्याचार-खुनांतले चार संशयित पहांटे पोलिसांच्या गोळ्यांनीं ठार झाले. लोकांनीं पोलिसांवर पाकळ्या उधळल्या, फटाके वाजविले. हे लोक कोण होते? आपणच होतों. आमच्या वाचकांपैकीं किती घरांत त्या सकाळीं 'बरें झालें' असे शब्द उच्चारले गेले, हें ज्याचें त्यानें आठवून पाहावें. आमच्याही घरीं ते उच्चारले गेले, हें आम्ही लपवीत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष होते विकास सिरपूरकर, आपल्याच विदर्भांतले निवृत्त न्यायमूर्ति. 2022 सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत आयोगानें म्हटलें कीं, गोळ्या जीव घेण्याच्या हेतूनें जाणूनबुजून झाडल्या होत्या, मेलेल्यांपैकीं तिघे अल्पवयीन होते, आणि 10 पोलिसांवर खुनाचा खटला चालावा. ते चौघे अपराधी होते कीं नव्हते, हें आतां कोणतेंही न्यायालय ठरवूं शकणार नाहीं. त्या मुलीच्या आईबापांना तरी हें कळलें काय? पाकळ्या झाडून टाकायला मात्र कोणी आलें नाहीं.

आपला मध्यम वर्ग या विषयांत असा कां वागतो, हें सांगणें अवघड नाहीं. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये असें आपण मुलांना शिकवितों, आणि ठाण्याचें नांव तर त्याहून खालच्या आवाजांत घेतों. आपलें काम अडलें तर आपण तक्रार करीत नाहीं; ओळख काढतों. मेहुण्याचा मित्र पोलिसांत असतो, नगरसेवकाचा फोन असतो. ओळख असलेल्याचें काम ओळखीनें होतें आणि नसलेल्याचें होत नाहीं. मग तक्रार करणारे तेवढे हातगाडीवाले आणि देसाईगंजच्या मजूर मुली उरतात, आणि त्यांची चौकशी कोण कशी करतें हें पाहण्याची आपल्याला गरज भासत नाहीं. गुरुजींना गरज भासली, ती त्यांच्यापाशीं अशी ओळख नव्हती म्हणून नव्हे. ती वापरावयाची त्यांना लाज वाटली म्हणून.

आतां मनोधैर्याकडे पुन्हां वळूं. आमच्या पोलिसांचा नमुना मूळ कोठला? 1843 सालीं सिंध जिंकणाऱ्या नेपियरनें आयर्लंडच्या पोलिसांचा सांचा सिंधमध्यें आणला. पुढें 1861 च्या कायद्यामागेंही तोच सांचा होता. लोकांवर राज्य करण्यासाठीं पोलीस, लोकांसाठीं नव्हे, हा त्याचा मतलब. त्याच आयर्लंडच्या उत्तर भागांत 2000 सालीं पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारें एक स्वतंत्र कार्यालय उघडलें. त्याचे तपासनीस त्याचे स्वतःचे. पोलिसांनीं पोलिसांचा तपास करावयाचा नाहीं. त्यापूर्वीं, 1998 च्या ऑगस्टमध्यें, तेथल्या ओमा गांवीं बाँबस्फोट होऊन 29 माणसें मेलीं होतीं. त्या प्रकरणीं पोलिसांनीं हातीं आलेल्या सूचनांकडे दुर्लक्ष केलें आणि तपासही नीट केला नाहीं, असा अहवाल या कार्यालयानें 2001 सालीं दिला. तेव्हां तेथल्या पोलीस प्रमुखांनीं, हें खरें ठरलें तर मी चारचौघांत आत्महत्या करीन, इथवर मजल मारली. मनोधैर्याची याहून मोठी किंकाळी आमच्या वाचनांत नाहीं. पुढें काय झालें? कोणी आत्महत्या केली नाहीं. ठाणीं ओस पडलीं नाहींत. तें कार्यालय आजही उघडें आहे, आणि पोलीसही आहेत.

खोट्या तक्रारींचा पूर येईल, असाही एक आक्षेप आहे. खोट्या तक्रारी येतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. ज्याची दारूची भट्टी मोडली तो पोलिसावर लांचेचा आळ घेणार, हें उघड आहे. पण मग त्या निरपराध हवालदाराचें निर्दोषत्व कोणीं सांगावें म्हणजे लोकांना पटेल? त्याच्याच साहेबांनीं सांगितलें तर लोक हंसतात, आणि त्या हंसण्यांत त्याची सारी प्रामाणिक नोकरी वाहून जाते. बारा-बारा तास बंदोबस्तांत उभा राहणारा, सणासुदीला घर न पाहणारा, वर्दीच्या इस्त्रीपेक्षां मुलाच्या फीची चिंता करणारा शिपाई आम्हीं जवळून पाहिला आहे. कोठडींत मारहाण होते तेव्हां ती बहुधा त्याच्या मर्जीनें होत नाहीं. 'दोन दिवसांत कबुली पाहिजे' असा वरून हुकूम येतो; आणि प्रेत पडल्यावर हुकूम देणारा सुटीवर असतो, रोजनाम्यांत सही याची असते. घरांतल्या चौकशींत त्याचाच बळी प्रथम पडतो, किंवा त्याच्याकडूनच खोटी नोंद करवून त्याला कायमचा मिंधा केला जातो. आपला जबाब वरिष्ठांच्या हातीं पडणार नाहीं अशी खात्री असेल तर पहिला साक्षीदार म्हणून हाच शिपाई पुढें येईल. तो पुढें येऊं नये अशी ज्यांची इच्छा आहे, तेच त्याच्या मनोधैर्याबद्दल सर्वांत मोठ्यानें बोलतात.

आमची मागणी लांबलचक नाहीं. प्राधिकरण जिल्ह्याच्या ठिकाणीं असावें, कारण हुकूम तसा होता. त्याला स्वतःचे तपासनीस असावे, आणि ते पोलीस खात्यांतून उसने आणलेले नसावे. कॅमेऱ्याचें चित्रण ठाण्याबाहेर सांठवावें. 161 वें कलम रद्द करावें. आणि ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याच्याकडे तो अर्ज 'चौकशी व अहवालासाठीं' पाठविणाऱ्या अधिकाऱ्यालाच त्या शेऱ्याचा जाब विचारावा. यासाठीं नवा आयोग नको, नवी समिति नको. 1855 पासून जमलेले अहवाल फडताळांतून काढून त्यांवरची धूळ झटकली तरी पुष्कळ होईल.

हा लेख लिहिण्यापूर्वीं आम्ही गुरुजींकडे गेलों होतों. त्यांच्या अर्जाची नक्कल त्यांनीं पत्र्याच्या पेटींत जपून ठेविली आहे. ती त्यांनीं आम्हांस वाचावयास दिली. मुलीचें पारपत्र आलें, ती परदेशीं गेली. भाजीवाल्याची चौकशी आम्हीं केली तेव्हां गुरुजी म्हणाले, त्या दिवसानंतर तो या गल्लींत आला नाहीं. सही केलेल्या त्या टंकलिखित जबाबाची नक्कल मात्र त्यांच्यापाशीं नव्हती. ती त्यांनीं मागितली होती. तीही अर्ज करूनच मागावी लागेल, असें त्यांना ठाण्यांतून सांगण्यांत आलें.